आधी ठिकाण, मग वेबसाइट

नमस्कार श्रोतेहो. घरगुती खानावळ, राहण्याची सोय, आंब्याची बाग, कोकम-आगळ विकणारा बचत गट, असा काही छोटा धंदा तुमच्या घरात असेल, तर "तुमची वेबसाइट करून देतो" म्हणणारा फोन तुम्हाला येऊन गेला असणार. करून घ्यायला माझी हरकत नाही. पण वेबसाइटला पैसे मोजण्याआधी नकाशावरचं आपलं ठिकाण नीट करा. पुन्हा सांगतो, आधी नकाशावरचं ठिकाण. आणि ते का, हे सांगायचं तर मालवण तालुक्यातल्या एका गावाची हकिकत सांगायला हवी. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथले आबा संध्याकाळी रेडिओ लावून बसतात.

त्या गावच्या खालच्या वाडीत माईंचं घर. माडा-पोफळीत, दोन खोल्या पाहुण्यांसाठी, जेवण शुद्ध शाकाहारी. भाचा डोंबिवलीला. त्याने हौसेने माईंची वेबसाइट करून घेतली. उघडली की आधी संगीत, मग निळंशार पाणी आणि पाण्यावर उभ्या लाकडी झोपड्या. माईंनी विचारलं, "हे कुठलं रे?" ते मालदीवचं होतं. आता मला सांगा, तारकर्लीचा किनारा हाकेच्या अंतरावर असताना दुसऱ्या देशाचा समुद्र कशाला उसना आणायचा? आणि हे संगीत! ऑफिसात चोरून सुट्टीचा बेत आखणाऱ्या माणसाच्या फोनमधून अचानक बासरी वाजायला लागली, तर तो वेबसाइट बंद करणार नाही तर काय करणार? असो.

भाच्याने गूगलवर माईंचं बिझनेस प्रोफाइलही, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, उघडलं. ते फुकट असतं. पण नकाशावरची खूण त्याने डोंबिवलीत बसून लावली. आपल्याकडे घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. नुसतं गावाचं नाव टाकलं, आणि खूण पडली ती वरच्या वाडीत, थेट आबांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात.

डिसेंबरचे दिवस. रात्री साडेदहाला कुत्री भुंकायला लागली आणि गाडीचे दिवे खळ्यात शिरले. आबा बॅटरी घेऊन बाहेर. "ह्यां माजां घर आसा, लॉज नाय!" गाडीतल्या बाईंनी मोबाइल पुढे केला. "पण काका, इथेच दाखवतंय." आबा म्हणाले, "तो दाखयता तर तेकाच इचार, झोपाचां खय तां!"

माईंना फोन करावा, तर नंबर वेबसाइटवर, तोही एका चित्रात छापलेला. आणि वरच्या वाडीत रेंज इतकी, की ते चित्र काही उघडेना. मागच्या सीटवर पोरं झोपलेली. शेवटी आबांच्या सुनेने माजघरात गाद्या घातल्या. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं. मंडळी तृप्त होऊन गेली आणि गूगलवर पाच तारे देऊन लिहिती झाली: "तिरफळ घातलेलं तिखलं अप्रतिम. मालक जरा तापट, पण मनाने चांगले."

हे सगळं माईंच्या नावाखाली! माईंकडे मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. पुण्याच्या एका शाकाहारी कुटुंबाने ते वाचलं आणि बुकिंग रद्द केलं. इकडे पुढच्या शनिवारी आबांच्या खळ्यात दुसरी गाडी. आबा खवळले. सुनेने मात्र कुणाला न सांगता कुडाळहून चार नव्या गाद्या आणून ठेवल्या होत्या.

मे महिन्यात माईंची नात आली. ती फोन घेऊन बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, उभी राहिली, खूण सरकवून बरोबर घरावर आणली, पडवीचा, न्हाणीघराचा, केळीच्या पानावरच्या जेवणाचा फोटो काढून चढवला. न्हाणीघराचा फोटो हवाच, पाहुण्यांतल्या बायका आधी तोच बघतात. आणि त्या अभिप्रायाखाली माईंनी उत्तर लिहवून घेतलं: "हे तिखलं वरच्या वाडीतल्या आबांकडचं. आमच्याकडे मिळत नाही. तिथे जरूर जा." मालकाला असं उत्तर देता येतं, आणि द्यावंच. आता आबांच्या सुनेचं स्वतःचं प्रोफाइल आहे आणि आबा निघणाऱ्या पाहुण्याला विचारतात, "तारे किती देतलास?"

वेळ बराच गेला, तेव्हा उरलेलं भराभर. खूण दूर बसून लावू नका, आपल्या दारात उभं राहून लावा. नकाशावर आपल्या घरावर बोट दाबून धरलंत की प्लस कोड मिळतो, अक्षरं आणि आकडे मिळून झालेला. घराला नंबर नसला तरी चालतं. पाहुण्याला तो पाठवा.

फोन नंबर चित्रात नको. नंबर आकड्यांत टाईप केलेला हवा, म्हणजे त्यावर बोट ठेवलं की फोन लागतो. मराठी मजकुराचंही तेच. डीटीपीवाल्याने सुंदर अक्षरांत चित्र करून दिलं, तर त्यातली अक्षरं शोधणाऱ्याला सापडतीलच असं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाईप होतात तशा मराठी अक्षरांत, टाईप करायला सांगा.

भाव लिहा. "किंमत इनबॉक्समध्ये" हा काय प्रकार आहे, मला आजवर कळलेलं नाही. भाजीवाली भाव कानात सांगते का? आंब्याच्या पेटीचा भाव रोज बदलत असेल, तर आजचा लिहा. व्हॉट्सअॅप बिझनेस २०१८ पासून आहे, त्यात वस्तूंची यादी फोटो आणि किमतीसकट लावता येते. पुष्कळांचं काम तेवढ्यावरच भागतं, वेबसाइट लागतच नाही.

आणि लागलीच, तर एक गोष्ट कानात ठेवा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आपल्या नावावर घ्या. आपल्या ईमेलवर, आपल्या पैशाने. करून देणाऱ्याच्या नावावर नको. पुन्हा सांगतो, डोमेन आपल्या नावावर. त्याचं नूतनीकरण मुदतीत करावं लागतं, आणि करून देणाऱ्याने धंदा बदलला की त्याचा फोन कुणी उचलत नाही. देवनागरीत 'डॉट भारत' असं नावही २०१४ पासून घेता येतं. पण दुकानाच्या पाटीवर इंग्रजी नाव टाकणारे आपण लोक, ते किती जण घेतील, देव जाणे.

आता गणपती येतील. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, पाहुणे घेता येत नाहीत. प्रोफाइलवर सुट्टीचे दिवस वेगळे नोंदवता येतात. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात ते करून टाका, नाहीतर आरती चालू असताना खळ्यात गाडी येऊन उभी राहील. नमस्कार.