शून्य आणि कोरा रकाना

पावसाळा सुरू झाला की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. केसपेपरवर डॉक्टर जे निदान लिहितात, त्यावर रुग्णाचे औषध ठरते. तेच निदान, रुग्णाचे नाव बाजूला ठेवून, आकड्याच्या रूपात आणखी एका मार्गाने शहराबाहेर जाते. तो मार्ग म्हणजे नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम.

या कार्यक्रमाचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ताप, पुरळ, पातळ शौच, कावीळ अशी केवळ लक्षणे नोंदवते, आणि तो एस फॉर्म. डॉक्टरांनी तपासून केलेले संभाव्य निदान पी फॉर्ममध्ये जाते, तर प्रयोगशाळेने पक्के केलेले निदान एल फॉर्ममध्ये. हे आकडे जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडून राज्याकडे आणि तेथून दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे पोहोचतात. २०२१ पासून नोंदी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन भरल्या जातात, त्यामुळे आठवडा संपण्याची वाट पाहावी लागत नाही. तरीही वाढ ओळखण्यासाठी आठवड्याचा हिशेब लागतोच, कारण रविवारी ओपीडी बंद आणि सोमवारी दुप्पट गर्दी, अशा चढउतारातून एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही.

आमच्या मते, या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा आकडा शून्य हा आहे. एखाद्या केंद्राने हिवतापापुढे शून्य लिहिले, तर तेथे कोणीतरी रुग्ण शोधले आणि ते सापडले नाहीत. रकाना कोराच राहिला, तर रुग्ण नव्हते, नोंद करणारी व्यक्ती रजेवर होती, की संगणक बंद होता, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळत नाही. तक्त्यात मात्र दोन्ही आठवडे सारखेच शांत दिसतात. म्हणून सर्वेक्षण अधिकारी रुग्णसंख्येच्या आधी, किती केंद्रांचे अहवाल आले आणि ते वेळेवर आले का, हे पाहतात. अहवाल देणारी केंद्रे वाढली म्हणून रुग्ण वाढल्यासारखे दिसणे हाही याच तक्त्यातला नेहमीचा चकवा.

विदर्भाला या कामाचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही. चांदीपुरा हे विषाणूचे नाव नागपूरजवळच्या गावावरून आले. १९६५ मध्ये तो प्रथम ओळखला गेला, तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने आजारी पडलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, आणि त्या साथीमागे हाच विषाणू आढळला. या आजारात मूल एक-दोन दिवसांतच दगावू शकते. आठवड्याचा अहवाल त्या मुलाला वाचवू शकत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. तापासोबत झटके आलेले दुसरे मूल त्याच भागातून आले, तर पथक तेथे लवकर पोहोचावे, एवढेच तो साधू शकतो.

डेंग्यूचे गणित थोडे निराळे आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी, त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम; शासकीय आकड्यात पक्का रुग्ण धरण्यासाठी ती प्रयोगशाळेतील एलायझा पद्धतीने व्हावी लागते, खासगी दवाखान्यातील झटपट कार्डावरचा निकाल संशयितच राहतो. नमुना जाऊन निकाल येईपर्यंत दिवस जातात आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून एखाद्या वस्तीत संशयितांची संख्या मागील वर्षांच्या त्याच आठवड्यापेक्षा वर गेली, की निकालासाठी न थांबता घरे तपासायला सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. नागपुरात अशी तपासणी प्रथम कूलरपाशी जाते, कारण उन्हाळा सरल्यावरही अनेक घरांच्या खिडकीबाहेर तो पाण्यासह तसाच उभा असतो. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही; डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा आतल्या बाजू घासून काढाव्या लागतात.