आप्पांना सांगायचं की नाही

नमस्कार मंडळी. कॅन्सरचा रिपोर्ट आला की आपल्याकडे तो आधी कळतो मुंबैच्या मुलाला, मग जावयाला, मग वाडीतल्या चार जणांना, आणि ज्यांच्या अंगात आजार आहे त्या आप्पांना सांगतात, काय नाय हो, साधी गाठ आहे, गणपतीपर्यंत ठणठणीत व्हाल. केबिनमध्ये शिरतानाच मुलगा आम्हा डॉक्टरांना डोळ्याने खुणावतो, त्यांच्यासमोर नको. मायेपोटीच करतो, मान्य.

पण आप्पा काय दूधखुळे आहेत? परळचं टाटा 1941 पासून उभं आहे, आपल्या गावागावातलं कोणी ना कोणी तिथे जाऊन आलंय, चिपळूणजवळ डेरवणच्या हॉस्पिटलात पण आता कॅन्सरचे उपचार होतात, तिथे कशाला नेतात हे त्यांना कळत नाही होय? आणि नाही कळलं तर शेजारच्या खाटेवरचा सांगतोच. मग दोन्हीकडून नाटक, आप्पा मुलांसाठी हसतात, मुलं आप्पांसाठी, आणि सातबारा, कलमांची वाटणी, बँकेतला नॉमिनी, कुलदेवतेला एकदा जाऊन यायचंय हे सगळं मनातच राहतं.

आम्ही डॉक्टर पण काही वेगळे नव्हतो हो. 1961 साली अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं तर जवळजवळ 90 टक्के म्हणाले, शक्यतो सांगत नाही. 1979 ला परत विचारलं तर 97 टक्के म्हणाले, सांगतो!

आता सांगायचं म्हणजे व्हरांड्यात उभ्या उभ्या धाडकन नव्हे. आधी विचारायचं, आप्पा, तुम्हाला काय वाटतंय काय झालंय? सगळं ऐकायचंय का? कोणी म्हणतात, माझ्या मुलाशी बोला, मला नको. तर तसं, तो त्यांचा हक्क आहे, जबरदस्ती नाही करायची. ऐकायचंय म्हणाले तर थोडं सांगून थांबायचं, रडू द्यायचं, उरलेलं पुढच्या भेटीत. आणि "आता काही करता येणार नाही" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, कारण गाठ जाणार नसली तरी दुखणं कमी करता येतं, धाप कमी करता येते, मॉर्फिनच्या गोळ्या असतात, हे त्याच बैठकीत सांगायला हवं.

तेव्हा मुंबैकर मुलांनो, पुढच्या ओपीडीला समोरच्या खुर्चीत आप्पांना बसवा, तुम्ही बाजूला बसा, आणि मी त्यांना काही विचारलं की उत्तर त्यांनाच देऊ द्या, वेळ लागला तरी.