हप्ता एक्केचाळीस, भाडं अठरा

(दृश्य: घोडबंदर रोड, रविवार सकाळ. मेट्रोचे खांब, खाली ट्रॅफिक, दोन्ही बाजूंना बिल्डरांची होर्डिंग.)

घोडबंदर रोडने रविवारी कासारवडवलीकडे निघालात तर सिग्नलला गाडी थांबली रे थांबली की खिडकीतून चकचकीत पत्रक हातात येतं. त्या साइट ऑफिसात गेलात की एसीत बसवतात, थंड पाणी देतात आणि सांगतात, सर स्वतःला राहायचं नसेल तर भाड्याने द्या ना, हप्ता भाड्यातूनच निघतो.

निघतो का? करूनच बघू हिशोब.

समजा ६० लाखांचा वन बीएचके आहे, रीसेलचा, बिल्डिंगला ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आहे म्हणजे जीएसटीचा विषय मिटला. एवढ्या लोनला बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे तो, म्हणजे ४८ लाख बँकेचे आणि १२ लाख आपले. पण १२ वर भागत नाही हो, ठाण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि हे पैसे बँक लोनमध्ये धरत नाही. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट मिळते, सरळ ६० हजार वाचतात, पण हा मुद्दा निघाला की बरेच नवरे फोनमध्ये बघायला लागतात. त्यात ब्रोकर, रंग, गीझर, पंखे. सतरा-अठरा लाख स्वतःचे नसतील तर पुढचा हिशोब मांडूच नका.

आता हप्ता. साडेआठ टक्के, २० वर्षं, महिन्याला साधारण ४१,६५० रुपये. पहिल्या हप्त्यातलं ३४ हजार नुसतं व्याज, मुद्दल फिटतं साडेसात हजारांच्या आसपास. भाडं धरा १८ हजार. म्हणजे हप्ता राहू दे बाजूला, व्याजही अर्धंच निघतंय, आणि साडेतेवीस हजार दर महिन्याला पगारातून जाणार. असं २० वर्षं चाललं तर बँकेला एकूण जातात जवळजवळ एक कोटी.

आणि ते १८ तरी पूर्ण कुठे मिळतात? सोसायटीचं मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो, घर भाड्याने दिलं म्हणून त्यावर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, सेक्रेटरी काही म्हणू दे), प्रॉपर्टी टॅक्स, आणि एक भाडेकरू गेला दुसरा यायचा यात महिनाभर घर रिकामं. वर्षाला हातात दीड लाख राहिले तरी खूप, म्हणजे ६० लाखांवर अडीच टक्के. एफडीसुद्धा याच्यापेक्षा जास्त देते. मग लोक घेतात कशाला? भाव वाढेल म्हणून. वाढेलही, पण मग तसं स्पष्ट म्हणा ना, भाड्याचं नाव कशाला.

टॅक्समध्ये सुटेल असंही सांगतात. भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते, प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो, लोनचं व्याज वजा होतं, हे खरं आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याजच ४ लाख, म्हणजे कागदावर अडीच लाखांचा तोटा. इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये (करपद्धतीत) यातले २ लाख पगारातून वजा करता येतात, नव्यात पगाराला हातच लावता येत नाही. एजंट सांगतो तो फायदा जुन्या रेजीमचा असतो आणि गिऱ्हाईक केव्हाच नव्यात गेलेलं असतं.

(दृश्य: खाडीपूल, मग ऐरोली, दिघा.)

खाडी ओलांडली की वेगळीच गंमत. नवी मुंबईतली बरीचशी जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), लीजवर दिलेली, त्यामुळे रीसेलमध्ये सिडकोची ट्रान्सफर आणि त्याचे चार्जेस आहेत का हे आधी विचारायचं. आणि कुणी अर्ध्या किमतीत गावठाणातला फ्लॅट दाखवला तर पहिला प्रश्न, याला सरकारी बँक लोन देते का? नसेल देत तर का नाही देत याचं उत्तर दिघ्यात जाऊन बघा, तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर हायकोर्टात काय झालं ते तिथल्या कुणालाही विचारा.

(दृश्य: ऐरोलीतलं घर. काकू चष्मा लावून मोबाईलमध्ये जुने फोटो दाखवतायत.)

या काकूंचं लोन कधीच फिटलंय, आता एक घर भाड्यावर. चावी द्यायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळाचा, महावितरणच्या मीटरचा फोटो काढून भाडेकरूलाच व्हॉट्सअ‍ॅप करतात. वीजबिल त्या स्वतः भरतात आणि मग मागून घेतात, कारण थकलं तर मीटर त्यांच्या नावावर आहे. आम्ही बसलो असतानाच फोन आला, "काकू, गीझर लावला की लाईट जाते." "अरे आधी गीझर बंद कर, मग एमसीबी वर कर आणि संध्याकाळी वायरमनला पाठवते तोपर्यंत हात लावू नकोस."

अ‍ॅग्रीमेंटच्या बाबतीत मात्र काकू कुणाचं ऐकत नाहीत, ओळखीतला असला तरी लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) रजिस्टर झाल्याशिवाय चावी नाही. बरोबरच आहे, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात रजिस्ट्रेशनची जबाबदारी मालकाची, आणि ते नसेल तर अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं मालकाने. मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे मागता येतात तेही याच कायद्यात. खर्च किती? १८ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने, तर स्टॅम्प ड्युटी पाचशेच्या आसपास आणि रजिस्ट्रेशन हजार. आधार आणि अंगठा लावून घरी बसून होतं. एवढ्यासाठी लोक साध्या नोटरीवर भागवतात, कमाल आहे.

शेवटचं राहिलं हेवी डिपॉझिट. भाडं नाही, भाडेकरू एकदम दहा लाख देतो आणि जाताना घेऊन जातो. मालक ते लोनमध्ये भरतो, फ्लोटिंग रेटला (बदलत्या व्याजदराच्या लोनला) आधी भरल्याचा दंड नाही, वर्षाला ८५ हजार व्याज वाचतं, हुश्श. पण १८ हजारांप्रमाणे वर्षाचं भाडं होतं २ लाख १६ हजार, ते सोडून ८५ हजार वाचवले, आणि दहा लाख परत कुठून आणणार? बँकेत गेलेले पैसे तर बँक देत नाही. मग नवा हेवी डिपॉझिटवाला शोधायचा, त्याचे दहा घेऊन याला द्यायचे, आणि तो मिळेपर्यंत आधीचा भाडेकरू घर सोडत नाही, का सोडेल? त्याचे दहा लाख आत अडकलेत.