पाठीवरचे असोले नारळ

आत्ता जो गलका ऐकू येतोय ना, तो हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या बोटी, त्यातून मासळी छोट्या होडीत, होडीतून बैलगाडीत आणि मग इथे वाळूवर. इथे कोणी हळू बोलत नाही, कारण हळू बोललं तर ऐकूच येत नाही. आणि ह्या गर्दीच्या कडेला, बर्फाच्या टेम्पोला टेकून निळ्या शर्टात जो उभा आहे तो मी. वीस मिनिटं झाली, नुसता उभा आहे. एका मावशींना एवढंच विचारायचंय, की पापलेटचा वाटा कसा दिला.

गावात ह्याला लाजाळू म्हणतात. मोठा झाला की बोलेल, लग्न झालं की सुधारेल वगैरे. पण लाजणं वेगळं आणि हे वेगळं. मी एसटीत कंडक्टरला "इथे थांबवा" म्हणू शकायचो नाही, मग पुढच्या स्टॉपला कोणीतरी उतरायचं त्याच्या मागून उतरायचो आणि दीड किलोमीटर मागे चालत यायचो, जुलैच्या पावसात सुद्धा. पंगतीत मीठ मागितलं नाही कधी. फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा. ह्याला सोशल अँग्झायटी म्हणतात, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत हा १९८० साली आला, तेव्हा नाव होतं सोशल फोबिया. बहुतेकांना हा सुरू होतो तो आठ ते पंधरा वर्षांच्या वयात, म्हणजे नेमका ज्या वयात सगळे म्हणत असतात की जाईल आपोआप.

ह्यावरचा एक जुना आणि चांगला उपाय म्हणजे एक्सपोजर थेरपी. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ठरवून, थोडं थोडं जायचं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान पोराला त्याच्या आवडीचं खायला देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि शेवटी पोरगा सशाशी खेळायला लागला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे ह्यांनी त्याची नीट पद्धत लिहून काढली, भीतीची शिडी करायची, खालच्या पायरीपासून वर जायचं. मी पण तेच केलं, शहरात नोकरीला होतो तेव्हा. दुकानात जाऊन उभं राहायचं, छातीतली धडधड कमी होईपर्यंत हलायचं नाही. आणि खरंच कमी व्हायची हो! सहा महिन्यांत मी अनोळखी माणसाला पत्ता विचारू शकत होतो. मला वाटलं सुटलो.

मग शिमग्याला घरी आलो. पालखी अंगणात आली, चाळीस-पन्नास माणसं, ढोल, आणि मी माळ्यावर. लहानपणी जिथे लपायचो त्याच जागी, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे.

त्या रात्री मला वाटलं की थेरपी खोटी आहे. ती खोटी नव्हती, अर्धी राहिली होती.

आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवतात ते विहिरीत नायतर नदीच्या डोहात, पाठीला दोन असोले नारळ बांधून. नारळ तरंगतो, पोरगं तरंगतं. पहिले काही दिवस ठीक आहे. पण नारळ सोडलेच नाहीत तर त्या पोराला काय वाटेल? की मी तरतोय तो नारळामुळे. वर्षभर रोज पाण्यात उतरलं तरी त्याला पोहता येतं हे त्यालाच कळणार नाही. माझ्या पाठीवर असे किती नारळ होते ते नंतर माझ्या थेरपिस्ट ताईंनी एकेक करून मोजायला लावलं. हातात मोबाईल. कानात इअरफोन, गाणं चालू नसताना. दुकान रिकामं असेल तेव्हाच जायचं. वाक्य मनात सात वेळा म्हणून बघायचं. घाम दिसू नये म्हणून काळा शर्ट. गणपतीत आरतीला मी कायम टाळ वाजवायचो आणि घरचे म्हणायचे वा, काय ताल आहे, पण टाळ हातात असला की गायला लागत नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि शिमग्यात काहीजण आधी दोन घोट घेऊन मग बोलायला येतात, त्यांच्याकडे बघून मला आता फार वाईट वाटतं, कारण तो पण नारळच आहे आणि तो पाठीवरून सुटत नाही.

१९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स ह्या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलं होतं, आणि हेही, की अशा माणसाचं लक्ष समोरच्याकडे नसतंच, ते आत वळलेलं असतं. आवाज कापतोय का, कान लाल झाले का, आणि ह्या आतल्या माहितीवरून तो स्वतःचं एक चित्र बनवतो आणि धरून चालतो की लोकांना पण तेच दिसतंय. ह्याच्यावर त्यांचा एक उपाय व्हिडिओचा आहे, तो मी केला. आपलं बोलणं रेकॉर्ड करायचं, पण बघायच्या आधी लिहायचं की व्हिडिओत मी कसा दिसेन. मी लिहिलं, हात थरथरताना स्पष्ट दिसतील, चेहरा लाल, तोंडातून शब्द फुटणार नाही. मग तिऱ्हाईत माणसाकडे बघावं तसं बघायचं. मी बघितलं. एक शांत मुलगा बोलत होता, जरा हळू. तो व्हिडिओ मी चार वेळा लावला आणि चौथ्या वेळी रडलो.

आता शिमग्यात काय झालं ते. भीती पुसली जात नाही. मेंदूत जुनी आठवण तशीच राहते, तिच्या शेजारी एक नवीन बनते, आणि कुठली वर येणार ते बरंचसं जागेवर असतं. पावलोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाला त्याच्या प्रयोगातल्या कुत्र्यांमध्ये दिसलं होतं की शिकवलेली सवय मोडली तरी थोडा काळ गेल्यावर ती परत डोकं वर काढते. मी नवीन आठवण बनवली होती ती शहरातल्या दुकानांत, अनोळखी लोकांत. गावात अनोळखी कोण आहे? इथे कोणीही थांबवून विचारतो, तू कोणाचा रे, कधी आलास, किती दिवस आहेस, पगार किती. शहरात फजिती झाली तर तो माणूस परत भेटत नाही, इथे तो उद्या सकाळी दुधाला भेटतो. त्यामुळे शहराची शिडी उचलून कोकणात लावता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, इथली शिडी इथेच बांधायला पाहिजे, एसटी स्टँड, देऊळ, बंदर, लग्नाचा मांडव, आणि क्रम पण मधेमधे मोडायचा, एक दिवस सोपं, एक दिवस अवघड. मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जे मांडलं त्यात हे आहे, जागा बदला, क्रम बदला, आधाराच्या वस्तू सोडा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धडधड कमी व्हायची वाट बघत बसू नका, अंदाज तपासा.

म्हणून माझ्याकडे ही वही. डाव्या रकान्यात काय होईल असं वाटतं ते, उजव्या रकान्यात खरंच काय झालं ते. आजच्या पानावर डावीकडे लिहिलंय, भाव विचारून न घेता परत फिरलो तर मावशी ओरडतील, सगळे बघतील, मला तिथे उभं राहवणार नाही. खात्री ८० टक्के.

आणि बघा, गेलो. मोबाईल खिशात. मावशींनी भाव सांगितला, मी म्हटलं आज नको. त्या ओरडल्या! "घ्यायचं नाय तर विचारतोस कशाला?" शेजारच्या दोघी वळल्या. मी तिथेच उभा राहिलो, ताईंनी सांगितलं होतं की मान खाली घालायची नाही, बाहेर बघायचं, तर मी मावशींच्या हातातल्या बांगड्या बघितल्या, हिरव्या, त्यावर खवले चिकटलेले. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. दहा सेकंद असतील. भीती खरी ठरली आणि तरी मी उभा होतो, मला तर वाटतं मावशी गोड बोलल्या असत्या तर मी कमी शिकलो असतो.

फक्त एक सांगायचंय, आणि हे घरच्यांसाठी आहे. चारचौघांत "जा ना, बोल ना, गिळणारेत का तुला" म्हणणं म्हणजे एक्सपोजर नाही, ते विहिरीत ढकलणं आहे. मला शाळेत अख्ख्या शाळेसमोर असंच ढकललं होतं, त्यानंतर मी आठवडाभर शाळेत गेलो नाही. काय करायचं ते त्या माणसाने स्वतः ठरवायला लागतं, शक्यतो थेरपिस्टबरोबर, काहींना जोडीला औषध पण लागतं. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन करायचीच भीती वाटते हे मला माहीत आहे, पहिल्या वेळी नुसता लावून कट केला तरी चालेल, दुसऱ्यांदा लावा.

यंदा गणपतीत टाळ मी पुतण्याकडे दिले. मुद्दाम गणपतीनंतर थेट देवीची आरती सुरू केली, शंकराची सोडून. काका म्हणाले, अरे थांब, आधी शंकराची. सगळे हसले, मी पण हसलो, आणि शंकराची सुरू झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पाच-सहा वेळा आठवलं, पूर्वी पहाटेपर्यंत आठवायचं.

वहीत पुढचं पान शिमग्याचं आहे. पालखी अंगणात येईल तेव्हा मी खाली असेन, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा मी विचारणार. डावीकडे लिहून झालंय. खात्री ६५ टक्के.