बर्फ किती पांढरा ठेवायचा?

बघा, हिवाळ्यातले फोटो एडिट करताना सगळ्यात जास्त गंडतं ते बर्फातच. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, समोरचं सगळं मधल्या ग्रेसारखं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं आहे असं धरून चालतं, आणि ताजा बर्फ परत फेकतो ८०-९० टक्के, मग मीटर एक्सपोजर (फोटोत येणारा प्रकाश) कमी करतं आणि बर्फ राखेसारखा मळकट येतो. म्हणून फोटो काढतानाच एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा म्हणतात, ते बरोबरच आहे. पण नंतर कॉम्प्युटरवर तो मळका बर्फ बघितला की आपण स्लायडर ओढत सुटतो, खरा घोळ तिथे होतो.

माझाच एक फोटो सांगतो. सकाळचं तिरपं ऊन, बर्फावर एकाच माणसाच्या पावलांची रांग. एक्सपोजर वाढवत गेलो, बर्फ मस्त झगझगीत दिसायला लागला, खूश होऊन सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी उघडला तर पावलांच्या कडाच गायब! कर्सर नेऊन आकडे बघितले, लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल २५५ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे कोरा पांढरा), म्हणजे तिथे काही उरलंच नव्हतं. नशीब रॉ फाईल होती, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी मूळ माहिती शाबूत होती. हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली आणले, उन्हातला बर्फ २४० च्या आसपास बसवला, पावलाच्या आतली सावली १५५ च्या जवळपास ठेवली, आणि पाऊल परत खोल दिसायला लागलं. बर्फ पांढरा वाटतो तो या सावलीमुळे, नुसत्या उजेडामुळे नाही, हे मला तेव्हा पटलं.

आता डोळ्यांचं. डोळा फार पटकन सरावतो हो, दहा मिनिटं एकाच फोटोकडे बघत बसलात की २२० सुद्धा शुभ्र वाटतं आणि निळसर बर्फ पण पांढराच वाटतो. मी फोटोभोवती कोऱ्या पांढऱ्या रंगाची जाड बॉर्डर लावून ठेवतो, तिच्या शेजारी बर्फाचा खरा टोन लगेच उघडा पडतो. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस! तो फुल ठेवून एडिट केलं की आपण नकळत फोटो डार्क करतो आणि मग प्रिंट काळपट आली म्हणून लॅबवर चिडतो. स्क्रीनचा ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, खोलीत बेताचा उजेड, एवढं आधी जमवा, मग स्लायडरला हात लावा.

सावलीतला निळेपणा सगळा काढू नका प्लीज, मोकळं आकाश असलं की तिथे आकाशाचाच प्रकाश पडतो, ती निळीच असते. थोडा कमी करा, बास. सूर्यास्ताला उलट लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे २५५ ला जाऊन अडकतो, तेव्हा एकत्र हिस्टोग्रॅम (कुठला टोन किती आहे ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा) न बघता तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा.

ढगाळ दिवशी मात्र सावलीच नसते, हिस्टोग्रॅम उजवीकडे एक अरुंद ढिगारा. त्याला ओढूनताणून काळ्यापर्यंत नेऊ नका. एखादं झाडाचं खोड असेल तर तेवढंच गडद राहू द्या.