सिंहगडावर झाकण लावलेली बाटली

सिंहगडाच्या माथ्यावर पाणी पिऊन रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवली आणि आतकरवाडीच्या पायवाटेने गड उतरून पुण्यात आलो, तर तिच्या बाजू आत दबलेल्या दिसतात. बाटली कोणी दाबली, असे सातवीच्या वर्गात विचारले की अनेक मुले सांगतात, ‘आतल्या हवेने ओढून घेतली.’ हे उत्तर चुकीचे असले तरी घाईने खोडून काढू नये, कारण नळीने शहाळ्याचे पाणी पिताना आपल्यालाही तसेच वाटत असते.

वायू ओढू शकत नाही; तो फक्त ढकलू शकतो. त्याचे असंख्य कण सर्व दिशांना धावत असतात आणि ज्या पृष्ठभागावर आदळतात, त्यावर बल लावतात. एकक क्षेत्रफळावरील हे बल म्हणजे दाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, तर गडाचा माथा 1300 मीटरच्या आसपास. माथ्यावर आपल्या वरचा हवेचा थर कमी, म्हणून शहरात साधारण 950 हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक) असणारा दाब तेथे सुमारे 80 हेक्टोपास्कलने कमी भरतो. बाटलीत कोंडलेले कण गडावर होते तेवढेच राहिले. बाहेरच्या हवेतील कणांची दाटी मात्र उतरताना पावलागणिक वाढत गेली, आणि आतला मारा अपुरा पडून बाटलीच्या भिंती आत सरकल्या. त्या सरकल्यामुळे आतले कण दाटीवाटीने अधिक वेळा आदळू लागले, म्हणूनच बाटली पूर्ण चपटी झाली नाही. तापमान स्थिर असता दाब आणि आकारमान यांचा हा व्यस्त संबंध रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये मांडला. त्याआधी, 1648 मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या मेहुण्यांनी फ्रान्समधील पुय द दोम या डोंगरावर हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी नेली होती, आणि माथ्यावर पारा खाली उतरलेला पाहिला होता.

शिवाजीनगरच्या ज्या हवामान कार्यालयाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून येथे आले, तेथेही वायुदाबमापी 950च्या जवळपासचाच आकडा दाखवतो. हवामानाच्या नकाशावर मात्र पुण्यापाशी हजाराच्या पुढचा आकडा असतो, कारण प्रत्येक ठिकाणचे वाचन समुद्रसपाटीच्या पातळीला रूपांतरित करूनच नोंदवतात. तसे केले नाही, तर नकाशात वादळांऐवजी डोंगरच उमटतील.

आता वर्गात त्या बाटलीचे झाकण हळूहळू सैल केले जाते. बारीक सुस्कारा ऐकू येतो, दबलेल्या बाजू खटकन बाहेर येतात, आणि तोंडाशी धरलेला उदबत्तीचा धूर बाटलीत शिरतो.