लाकडाला जागा सोडताना

श्रोतेहो,

घरच्या घरी सुतारकाम शिकू इच्छिणारे माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना आधी करवत धरायला शिकवत नाही. फळीचा एक तुकडा त्यांच्या हातात देतो आणि त्याचे टोक, म्हणजे झाडाची वलये जिथे कमानींसारखी दिसतात ती आडवी कापलेली बाजू, निरखून पाहायला सांगतो. आज मला जे सांगायचे आहे ते त्या कमानींतच दडलेले आहे. झाड तोडले, चिरले, वाळवले, त्यावर रंधा मारला, पॉलिश केले, तरी लाकडाचे हलणे थांबत नाही. घरी केलेल्या वस्तू बिघडतात त्या बहुतेक वेळा हात कच्चा असतो म्हणून नव्हे, तर या हलण्यासाठी जागा सोडलेली नसते म्हणून, असे माझे इतक्या वर्षांच्या कामातून झालेले मत आहे.

माझे पहिले मोठे काम टेबलाचे होते. सहा फळ्या कडेला कडा लावून चिकटवल्या आणि ९०० मिलिमीटर रुंदीचा पृष्ठभाग तयार केला. तो खालच्या चौकटीवर ठेवून चारही बाजूंनी स्क्रूने गच्च आवळला, कारण जितके घट्ट तितके टिकाऊ अशी माझी समजूत होती. काही महिन्यांनी हवा कोरडी झाली, आणि एका सकाळी टेबलाच्या टोकापासून हातभर लांबीची चीर गेलेली दिसली. विशेष म्हणजे चीर सांध्यावर नव्हती. चिकटवलेला सांधा जसाच्या तसा होता आणि त्याच्या शेजारचे लाकूड फाटले होते. लाकूडच वाईट निघाले असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो, पण लाकडाचा त्यात काहीच दोष नव्हता.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळ्यांत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळ्यांतले पाणी निघून जाते तेव्हा लाकूड हलके होते, पण त्याचा आकार बदलत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींमधले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसू लागते. पुढे आयुष्यभर ते भोवतालच्या हवेशी समतोल साधत राहते. साधारण २१ अंश सेल्सियस तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाली तर तो १६ टक्क्यांपर्यंत चढतो आणि ३० टक्क्यांवर उतरली तर ६ टक्क्यांपर्यंत खाली येतो. फळी किती जुनी आहे याने यात फरक पडत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे कपाटही दमट दिवसांत फुगते आणि त्याचा खण अडकतो.

आता त्या कमानींकडे वळू. लाकूड सगळ्या दिशांनी सारखे हलत नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत लांबी फक्त ०.१ ते ०.२ टक्के घटते. वलयांना छेदून जाणाऱ्या, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ते बऱ्यापैकी आकसते आणि वलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेत सगळ्यांत जास्त आकसते. सागवानात हे आकडे अनुक्रमे सुमारे २.५ आणि ५.८ टक्के आहेत, तर बीचसारख्या लाकडात ५.५ आणि जवळजवळ १२ टक्के. सागवानाला मान आहे तो त्याच्या रंगापेक्षा या शांत स्वभावामुळे, असे मला वाटते. दोन दिशांमधल्या या फरकामुळेच फळी वाळताना पन्हाळीसारखी वाकते, आणि कोणत्या अंगाला वाकेल हे टोकाच्या कमानी पाहून आधीच सांगता येते. वलये जणू सरळ होऊ पाहतात, असे समजले की पुरते.

माझ्या टेबलाचा हिशेब असा होता. वर्षभरात लाकडातला ओलावा ८ वरून १२ टक्क्यांवर जातो असे धरले, तर चपट्या चिरलेल्या, म्हणजे फळीची रुंदी वलयांच्या कडेकडेने येईल अशा चिरलेल्या, सागवानाचा ९०० मिलिमीटरचा पृष्ठभाग रुंदीत जवळजवळ ७ मिलिमीटर फुगतो, आणि बीचचा असेल तर १४ मिलिमीटरच्या आसपास. खालच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या मात्र लांबीच्या दिशेत असल्याने तसूभरही वाढत नाहीत. वरचे लाकूड आकसू पाहते, खालचे त्याला धरून ठेवते, आणि शेवटी तंतूंमधली पकड सुटते. स्क्रू वाढवून किंवा जाड करून हे भांडण मिटत नाही. लाकूड फुगताना जो दाब देते त्यापुढे घरातले कोणतेही बंधन टिकत नाही. एके काळी खाणीत खडक फोडण्यासाठी भेगांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतत असत, ते याच दाबाच्या भरवशावर.

उपाय जुने आहेत आणि सोपे आहेत. टेबलाचा पृष्ठभाग चौकटीला बसवताना स्क्रूचे भोक गोल न ठेवता, रुंदीच्या दिशेने लांबट करावे, म्हणजे स्क्रू धरून ठेवतो पण सरकूही देतो. किंवा लाकडाचे लहान खटके करून त्यांची जीभ चौकटीच्या आतल्या खाचेत अडकवावी आणि खटका फक्त पृष्ठभागाला स्क्रूने बसवावा. मधोमध एका जागी पक्के धरावे, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. दाराची चौकट आणि आतली फळी ही रचना याच विचारातून आली. रुंद फळी भोवतालच्या चौकटीच्या खाचेत न चिकटवता नुसती बसवलेली असते, आणि ती आत फुगली-आकसली तरी दाराचे बाहेरचे माप बदलत नाही. नवशिके ही फळी पडेल या भीतीने खाचेत ग्लू भरतात. मग एक तर फळी तडकते, नाहीतर चौकटीचे कोपरे उघडतात.

लाकूड विकत आणले की त्याच दिवशी कापायला घेऊ नये, हेही यातूनच येते. ज्या खोलीत वस्तू राहणार आहे, त्या खोलीत फळ्या मध्ये बारीक पट्ट्या देऊन एकावर एक रचाव्यात आणि दोन-तीन आठवडे तशाच ठेवाव्यात. माप त्यानंतर घ्यावे. उघड्या हवेत ताजे लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष लागते असा सुतारांचा ठोकताळा आहे. जाती आणि हवेप्रमाणे तो बदलतो, पण घाई करणाऱ्याला आवरायला पुरेसा आहे.

प्लायवूड हे सगळे टाळते का, असा प्रश्न इथे नेहमी येतो. बऱ्याच अंशी टाळते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे ठेवून चिकटवलेले असल्याने प्रत्येक थराचे हलणे शेजारचा थर रोखतो. म्हणूनच थरांची संख्या साधारणतः विषम असते, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. पण प्लायवूडमधून नव्या चिंता उभ्या राहतात. त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि थर सुटू शकतात. शिवाय आडवी फळी म्हणून वापरले की ते कालांतराने झोल खाते. पुस्तकांच्या फळीबाबत एक गणित पक्के लक्षात ठेवावे. पुस्तके सगळ्या लांबीवर सारखी भरलेली असतील आणि आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर झोल दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. ६०० मिलिमीटरवर दिसतही नसलेला वाक १२०० मिलिमीटरवर सगळ्या खोलीला दिसतो. जाडी वाढवण्याचा फायदाही असाच मोठा आहे. १८ ऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतली तर ताठपणा सुमारे २.७ पट होतो. त्याहून स्वस्त आणि मला अधिक आवडणारा उपाय म्हणजे समोरच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची पट्टी उभी चिकटवणे. २५० मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड फळीच्या ताठपणाशी तुलना केली, तर त्याच लाकडाची १८ मिलिमीटर जाडीची ही एवढीशी पट्टी एकटीच त्याच्या सुमारे ८० टक्के ताठपणा घेऊन येते. शिवाय प्लायवूडची उघडी कड तिच्यामागे झाकली जाते.

सांध्यांविषयी बोलताना ग्लूपासून सुरुवात करतो. दोन फळ्या तंतूंच्या लांबीच्या बाजूने, सरळ रंधलेल्या कडा जुळवून, पांढऱ्या पीव्हीए ग्लूने चिकटवल्या तर तो सांधा लाकडाइतकाच, पुष्कळदा लाकडाहून बळकट होतो. माझ्या टेबलावर हेच दिसले होते. याउलट फळीचे टोक दुसऱ्या फळीला नुसते चिकटवले, तर टोकाच्या उघड्या नळ्या ग्लू शोषून घेतात आणि सांधा उपाशी राहतो. खुर्चीचा पाय किंवा दाराचा कोपरा अशा सांध्यावर कधीही सोपवू नये. तिथे एका तुकड्याला जीभ काढून ती दुसऱ्यातल्या आयताकार खाचेत बसवायची, म्हणजे जिभेच्या दोन्ही गालांवर तंतूंच्या लांबीचा पृष्ठभाग ग्लूला मिळतो. जिभेची जाडी फळीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. जर्मनीत सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या ओक फळ्या अशाच सांध्यांनी जोडलेल्या आहेत, आणि त्या काळी तिथे धातूचे हत्यार नव्हते. दगडाच्या हत्यारांनी हा सांधा साधणाऱ्या त्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

असा सांधा घट्ट बसतो की सैल, हे कापण्याआधी, आखतानाच ठरते. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर रुंद असते, आणि करवत तिच्या कोणत्या अंगाला धरायची हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. धारदार सुरीने गुण्याला, म्हणजे काटकोन आखायच्या हत्याराला, टेकवून रेघ मारली, तर ती तंतू कापतेच आणि पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट धारेच्या हत्याराला, टेकायला खाचही करून देते. करवतीच्या पात्यालाही स्वतःची जाडी असते, म्हणून काप नेहमी टाकून द्यायच्या बाजूला घ्यावा आणि रेघ वस्तूवर राहू द्यावी. चौकट जुळवल्यावर गुण्यापेक्षा कर्ण मोजणे अधिक विश्वासाचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर कोपरे काटकोनात आहेत, एरवी लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित आवळावा, आणि हे ग्लू ओला असतानाच करावे.

पटाशी बोथट असेल तर वरचे सगळे व्यर्थ आहे. ती जोर मागते, आणि जोर लावलेली पटाशी निसटते. मी पाहिलेल्या बहुतेक जखमा बोथट हत्याराच्या आहेत. आधी पात्याची सपाट पाठ दगडावर घासून आरशासारखी करावी. मग उतार २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक धार द्यावी. १००० क्रमांकाच्या दगडावर घासताना पाठीमागे बोटाला किंचित खरखर लागली की धार टोकापर्यंत पोहोचली असे समजावे. पुढे ६००० किंवा ८००० क्रमांकाच्या दगडावर काही हात फिरवून ती खरखर काढून टाकावी. लाकडाच्या टोकावरून पातळ, सलग कातर निघाली की धार झाली.

स्क्रूसाठी आधी ड्रिलने बारीक भोक पाडावे, आणि वरच्या तुकड्यातले भोक स्क्रूच्या आट्यांहून मोठे असावे, नाहीतर दोन तुकडे एकमेकांना ओढले जात नाहीत. भिंतीत भोक पाडण्यापूर्वी आतून वीज किंवा पाणी कुठून गेले आहे हे शोधून घ्यावे. स्विचच्या थेट वर, खाली आणि आडव्या रेषेत तारा असण्याची शक्यता सर्वाधिक असते. मात्र विजेचे काम स्वतः करू नये, आणि घराचा भार पेलणारी भिंत तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तोडू नये.

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. सँडिंग करताना चांगला मास्क लावणे आणि धूळ जागच्या जागी ओढून घेणे हा कामाचाच भाग समजावा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. चष्मा मात्र नेहमी हवा.

शेवटी पॉलिश. सँडपेपर ८०, १२०, १८० अशा क्रमाने, तंतूंच्या दिशेने चालवावा. मधला क्रमांक गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. कोणतेही तेल, लाख किंवा वार्निश ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबवत नाही. म्हणून टेबलाच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच थर द्यावेत. एकच बाजू बंद केली तर दोन बाजूंना ओलावा वेगळ्या वेगाने जातो आणि पृष्ठभाग वाकतो. माझ्या टेबलाची ही चूकही मी नंतर, स्क्रूंची भोके लांबट करताना दुरुस्त केली.

जवसाचे तेल वापरणार असाल तर तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि गोळा झालेल्या फडक्यातून ती बाहेर पडू न शकल्याने ते काही तासांत आपोआप पेट घेऊ शकते. काम संपले की फडकी एकेक करून, मोकळ्या जागी, न जळणाऱ्या पृष्ठभागावर पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत, आणि हे हात धुण्याआधी करावे.